दिवा दिसला, पण कुठला?

प्रश्न : दीपगृहाला आशेचं प्रतीक म्हणतात. पण रात्री बोटीवरून दिवा दिसला, तर तो नेमका कुठला हे कसं ओळखायचं? आणि तो किती लांबून दिसतो?

उत्तर : आशा ठीक, पण मुंबईच्या तोंडाशी १८७५ सालापासून उभा असलेला प्रॉंग्सचा दीपस्तंभ आधी खडकापासून दूर राहायला सांगतो! ओळख पटते ती रंगावरून आणि झोतांच्या लयीवरून. एका आवर्तनाच्या (म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या झोतांच्या एका फेरीच्या) पहिल्या झोतापासून पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या झोतापर्यंतचे सेकंद घड्याळावर मोजा, तेही तीनदा; मग सागरी नकाशातल्या दिव्याच्या नोंदीशी ताडून पाहा. लाटेआड एखादा झोत हुकतो आणि दोनाचा गट एकाचा वाटतो. धुरकट हवेत पांढरा दिवा तांबूस दिसतो, म्हणून नुसत्या रंगावर विसंबू नका.

अंतरासाठी दिव्याच्या आणि तुमच्या डोळ्यांच्या समुद्रसपाटीपासूनच्या उंचीची (मीटरमध्ये) वर्गमुळं काढून बेरीज करा, तिला २.०८ ने गुणा. दिवा ३६ मीटर, डोळे ४ मीटर : ६ अधिक २ म्हणजे ८, त्याला २.०८ ने गुणलं की साधारण साडेसोळा सागरी मैल. दिवा मंद असला किंवा धुकं असलं, तर अर्थातच कमी.