चर्क कॅसलचे गेट बघायला जाणारेस? मग हे वाच

अरे भारीच, नॉर्थ वेल्सला जातोयस तर चर्क कॅसलच्या गेटला निदान अर्धा तास दे, लोक गाडीतूनच फोटो काढून पुढं जातात त्याचं फार वाईट वाटतं. बर्शमच्या रॉबर्ट आणि जॉन डेव्हिस या लोहार भावांनी 1712 ते 1719 मध्ये मिडलटन घराण्यासाठी केलंय ते. आधी लांबून बघ, मग जवळ जाऊन जोड शोध, खरी मजा तिथंच आहे. त्या काळी इलेक्ट्रिक वेल्डिंग नव्हतं ना, त्यामुळे तुकडे भट्टीत अगदी पांढरे दिसेपर्यंत तापवून एकमेकांवर ठोकून जोडलेले, नाहीतर रिव्हेट किंवा पट्टीची कॉलर घातलेली, आणि पानं फुलं तर पातळ पत्रा ठोकून काढलीयत, त्यामुळे दोन पानं अगदी सारखी सहसा मिळणारच नाहीत. सगळं हुबेहूब एकसारखं दिसलं तर साच्यात ओतलेल्या, म्हणजे ओतीव लोखंडाचा संशय घ्यायचा, हे कुठल्याही जुन्या गेटला लागू.

गंज शोधायचा तर कॉलरच्या आत आणि खालच्या आडव्या पट्टीवर बघ, पाणी तिथंच साचतं, गंज फुगतो आणि जोड उचकटतो. आणि पुढेमागे कधी असं गेट दुरुस्त करायची वेळ आली तर सँडब्लास्टिंग (जोरात वाळूचा मारा करून रंग-गंज काढणं) सरसकट करू देऊ नकोस प्लीज, जुन्या रंगाचे थर आणि हातोडीच्या खुणा दोन्ही जातात, आधी रंगाचा छोटा नमुना तपासून घ्यायचा.