किरणोपचारानंतर फुफ्फुसाला झालेली इजा सीटी स्कॅनवर कशी ओळखतात?

उपचार संपल्यावर साधारण 1 ते 6 महिन्यांत, जेथे किरण दिले त्याच भागात, धुरकट काचेसारखी पांढुरकी छटा किंवा दाट डाग दिसतो. ही दाहाची अवस्था होय. या डागाची कड बहुधा सरळ रेषेत असते आणि ती फुफ्फुसाच्या खंडांमधील नैसर्गिक सीमा ओलांडून जाते, कारण किरणांचा मार्ग शरीररचनेप्रमाणे नव्हे, तर उपचाराच्या आखणीप्रमाणे ठरतो. माझ्या मते हीच सर्वांत बोलकी खूण आहे. स्तनाच्या कर्करोगात ती छातीच्या पुढील भिंतीलगत आढळते. पुढे वण धरून तो भाग आकसतो आणि श्वासनलिका ताणून रुंदावतात. स्थिरावलेला वण पुन्हा फुगीर होऊ लागला, तर मात्र कर्करोग परतल्याची शंका घेऊन तपासणी करावीच.