कोल्हापुरात वापरलेला फॅमिली टेंट विकत घेताना काय तपासावं?

दोन मोठी माणसं आणि दोन मुलं असतील तर '४ माणसांचा' टेंट घेऊ नका. त्या आकड्यात सामानाची जागा धरलेली नसते. ६ माणसांचाच बघा.

पिशवी उघडली की आधी वास घ्या. आंबूस वास येतोय आणि वरच्या कव्हरची आतली बाजू बोटाला चिकटतेय, म्हणजे पाणी अडवणारा पीयूचा (पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा) थर गेला. ओला टेंट तसाच गुंडाळून ठेवला की दमटपणानं हा थर विरतो, आणि आपल्याकडचा पावसाळा त्याला पुरेसा आहे. असा टेंट कितीही स्वस्त मिळाला तरी सोडा. नुसती शिवणीवरची पट्टी सुटली असेल तर हरकत नाही; जुनी खरवडून सीम सीलर (शिवणीतून पाणी झिरपू न देणारा लेप) लावता येतो.

मग टेंट विकणाऱ्याच्याच अंगणात पूर्ण उभा करायला लावा. फायबरच्या काठ्यांवरून फडकं फिरवा, उघडा हात नको, कुसळं घुसतात. फडकं अडकलं तिथं काठी चिरलीय. चेन लावल्यावर मागून उघडत असेल तर स्लायडर (चेनचा सरकणारा तुकडा) झिजलाय; पकडीनं दोन्ही बाजू हलक्या दाबल्या की तात्पुरतं भागतं, पण बॅग दुरुस्तीवाल्याकडून नवा बसवून घेणं चांगलं. शेवटी पाइपनं १० मिनिटं पाणी मारा आणि आतले कोपरे चाचपून बघा.

पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारासारख्या जांभ्याच्या कातळात खुंट्या शिरत नाहीत. म्हणून खुंट्यांशिवाय उभा राहणारा डोम, म्हणजे घुमटाच्या आकाराचा टेंटच घ्या आणि दोऱ्या मोठ्या दगडांना बांधा.