मोदक नको, तेलाचा डबा मोजा

तुमचं वजन 84 किलो, तुळशीच्या लग्नानंतर भावाचं लग्न, तीन महिन्यांत 15 किलो उतरवायचेत, आणि मध्ये गणपती येतात तर मोदक खावेत की नाही, असं विचारलंय. मोदक खा. 15 किलोंचा हट्ट मात्र सोडा, हे अगदी कळकळीनं सांगते.

एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी. तुमच्या हिशेबानं रोज जवळजवळ 1,300 कॅलरींची तूट हवी. घर-नोकरी सांभाळून ते निभत नाही. 2014 साली मी दोन महिने सूप आणि पावडरवर काढले. 9 किलो गेले, केस मूठमूठ गळले आणि वर्षभरात 11 किलो परत आले. अशा उपासमारीत चरबीबरोबर स्नायूही झिजतात. वजन झपाट्यानं उतरलं तर पित्ताशयात खडे होण्याची भीतीही वाढते.

दुसऱ्या खेपेला मी ताटाकडे न बघता ओट्याकडे बघितलं. आम्ही घरात तिघं, आणि पाच लिटरचा तेलाचा डबा बरोबर महिन्याभरात संपायचा. म्हणजे माणशी रोज 50 ग्रॅम, साडेचारशे कॅलरी नुसत्या तेलाच्या! सणवार नसतानाही. मग फोडणीला पळीनं तेल ओतणं बंद केलं, चहाचा चमचा घेतला. भाजी झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजवायला लागले. पहिला आठवडाभर सासूबाईंना भाजी कोरडी लागली, नंतर त्यांनीच कोबी तशी करायला घेतली. डबा दोन महिने पुरायला लागला. रोजच्या सव्वादोनशे कॅलरी वाचल्या आणि महिन्याला पाऊण-एक किलो उतरत गेलं. भरल्या वांग्यांना मात्र मी अजूनही हवं तेवढं तेल घालते, महिन्यातून एकदा. तेलात हात आखडला तर ती भाजी करूच नये.

जेवणात भाताआधी उसळ किंवा पिठलं नीट वाटीभर घ्या, सोबत ताक. पोट भरतं आणि चार वाजता फरसाणाच्या डब्याकडे हात जात नाही. उपासाला साबुदाणा खिचडी खाऊन वजन उतरेल असं समजू नका. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, वर तूप आणि दाण्याचं कूट. रोज अर्धा-पाऊण तास चाला आणि आठवड्यातून दोनदा तरी उठाबशा, वजनं उचलणं असं काही करा, म्हणजे स्नायू टिकतील. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा, साखर एकदम खाली जाऊ शकते.

आता मोदक. त्या दिवशी मोदक हेच जेवण समजा: तीन-चार, वर तुपाची धार, सोबत वरण आणि कोशिंबीर, भात नको. आरतीनंतर सगळ्यांबरोबर बसून सावकाश खा. दुसऱ्या दिवशी काटा किलोभर वर दिसला तर ती चरबी नव्हे. शरीरात साठलेली साखर तिच्या सुमारे तिप्पट पाणी धरून ठेवते, आणि मीठही पाणी धरतं. त्या धास्तीनं मी पूर्वी दुसऱ्या दिवशी उपास करायचे आणि तिसऱ्या दिवशी दुप्पट खायचे. तुम्ही तसं करू नका. दुसऱ्या दिवशी नेहमीची भाजी-भाकरी खा आणि वजन थेट पाचव्या दिवशी, सकाळी उपाशीपोटी करा.