इंजेक्शन घेतलं, तरी रिपोर्ट पॉझिटिव्हच!

आखातातली नोकरी पक्की झालेला कोकणातला एक तिशीतला विवाहित तरुण. मेडिकलमध्ये 'टीपीएचए पॉझिटिव्ह' असा शेरा आला आणि तो थेट समुपदेशन केंद्रात पोहोचला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) आठ महिन्यांपूर्वी त्याला सिफिलीस, म्हणजे बोलीत 'गरमी', झाला होता. आधी लिंगावर न दुखणारी जखम झाली आणि आपोआप भरली. मग तळहात-तळपायांवर न खाजणारे चट्टे उठले, तेव्हा कुठे तपासणी आणि उपचार. "इंजेक्शन घेतलं, सगळं गेलं, मग रक्तातून का जात नाही? अजून दोन-तीन देऊन टाका ना!"

हा प्रश्न आमच्याकडे सतत येतो आणि भीतीपोटी माणसं नको ती औषधं घेतात. यानेही 'रक्त साफ करणारा' काढा सुरू केला होता.

टीपीएचए ही चाचणी शरीराने या जंतूविरुद्ध तयार केलेली प्रतिद्रव्यं शोधते. ती बहुतेकांमध्ये आयुष्यभर राहतात, दंडावरच्या बीसीजीच्या व्रणासारखी. उपचार लागू पडले की नाही, हे तिच्यावरून कळतच नाही. त्यासाठी आरपीआर किंवा व्हीडीआरएल या सिफिलीसच्याच दुसऱ्या रक्तचाचण्यांपैकी एक करायची आणि नुसतं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह न बघता टायटर बघायचं, म्हणजे रक्त कितीपट पातळ करूनही चाचणी पॉझिटिव्ह येते तो आकडा. याचं आधीचं टायटर 1:32 होतं, आता 1:4 आलं. सुरुवातीच्या सिफिलीसमध्ये वर्षभरात ते चौपट उतरलं, म्हणजे 1:32 चं 1:8 झालं, तरी उपचार लागू पडले असं धरतात. इथे तर आठपट उतरलं होतं. 1:8 चं 1:16 झालं तर घाबरायचं नाही, एका पायरीचा फरक चाचणीतच पडू शकतो. मात्र चाचणी दर वेळी तीच आणि शक्यतो त्याच लॅबमध्ये करावी. एकदा आरपीआर, एकदा व्हीडीआरएल केली तर आकड्यांची तुलना चालत नाही.

त्याला मिळालेला उपचार पुरेसा होता: बेन्झाथीन पेनिसिलीन 24 लाख युनिट, अर्धं-अर्धं करून दोन्ही कुल्ल्यांत. औषध दाट, त्यामुळे सुई जाड आणि दुखतंही. त्या रात्री त्याला सणकून ताप आला होता आणि त्याला वाटलं, औषध सोसलं नाही. जंतू एकदम मरू लागले की पहिल्या 24 तासांत असा ताप येतो, पॅरासिटामॉल पुरतं. ॲलर्जी वेगळी: अंगावर पित्त उठणं, धाप लागणं. म्हणूनच आधी टेस्ट डोस देतात आणि नंतर अर्धा तास बसवून ठेवतात. पेनिसिलीन चालत नसेल तर डॉक्सिसायक्लिन 100 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, 14 दिवस. पण गरोदर बाईला ते देत नाहीत.

खरी अडचण दुसरीकडेच होती. बायकोला त्याने काहीच सांगितलं नव्हतं. तेव्हाच ती आली असती तर रिपोर्ट निगेटिव्ह असतानाही तिला इंजेक्शन दिलं असतं, कारण शेवटच्या 90 दिवसांतल्या संबंधातून झालेली लागण तपासणीत लगेच दिसेलच असं नाही. आम्ही तिला परस्पर सांगत नाही. कसं सांगायचं याची त्याच्याकडून तयारी करून घेतली आणि पुढच्या आठवड्यात दोघं आले. तिची आरपीआर आणि टीपीएचए दोन्ही निगेटिव्ह आल्या. आठ महिन्यांनंतरचा हा निकाल विश्वासाचा. पॉझिटिव्ह आली असती आणि लागण कधीची ते कळलं नसतं, तर आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं लागली असती. गरोदरपणात मध्ये नऊ दिवसांहून जास्त खंड पडला तर तिन्ही पुन्हा पहिल्यापासून. एचआयव्हीची तपासणी दोघांचीही त्याच बैठकीत केली.

त्याची पुढची आरपीआर बाराव्या महिन्याला. टायटर 1:2 वर अडकून राहिलं तरी चालेल. चौपट चढलं तर मात्र नवी लागण समजून उपचार, कारण हा आजार एकदा झाला म्हणून पुन्हा होत नाही असं नाही. मेडिकलसाठी त्याला दोन्ही टायटरचे रिपोर्ट आणि इंजेक्शनच्या तारखेचं डॉक्टरांचं पत्र दिलं. पात्र ठरवायचं की नाही हे त्या केंद्राच्या नियमांवर. ही तपासणी आणि औषधं सरकारी रुग्णालयांतल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये (गुप्तरोगांच्या दवाखान्यात) मोफत मिळतात. जवळचं केंद्र कुठे, हे 1097 या हेल्पलाइनवर विचारता येतं.