दोन्ही बाजू लिही

बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबत जोडलेली वंशावळ मिळाली. वडिलांना चाळिशीतच साखर निघाली, मामेबहिणीला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असल्याचे आत्ता कानावर आले, आणि घरात सोयरीकीची बोलणी सुरू असताना ‘मी आता काय खावे आणि काय टाळावे’ असे तू विचारले आहेस. आहाराचे सांगेनच, परंतु तुझ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या वंशावळीत असायला हवे होते, आणि ते तिथे नाही. पणजोबांपासून खाली सगळे पुरुष आहेत; आजी नाही, आत्या नाहीत, तुझी आईसुद्धा नाही. जात पडताळणी समितीला वडिलांकडची साखळी पुरते, म्हणून आपण सगळेच तेवढी लिहून थांबतो. शरीराचा वारसा मात्र आईकडूनही तितकाच येतो.

मामेबहिणीला हा आजार आहे, याचा अर्थ तिच्या आईबापांपैकी प्रत्येकाकडून तिला जनुकातला एकेक दोष मिळाला. म्हणजे तुझ्या मामांकडे तो आहेच, आणि मामा व तुझी आई एकाच आईबापांची लेकरे असल्यामुळे आईकडे तो असण्याची शक्यता साधारण निम्मी आहे. वाहक, म्हणजे असा एकच दोष असलेली, व्यक्ती सहसा धडधाकट असते, शेतात राबते, तिला काही कळतही नाही. नवरा-बायको दोघेही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. जोडीदाराकडे रक्ताचा असा कोणताही दोष नसेल, तर लग्नाला काहीच अडचण नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्ताची सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी करून घे, आणि ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या नेमक्या तपासणीने खात्री करून घे. त्याआधी मनाशी काहीही ठरवू नकोस.

माझ्या घरी मी हाच आग्रह धरला होता. मुलाच्या साखरपुड्याआधी दोन्हीकडच्या तपासण्या मागितल्या, समोरच्यांना तो अपमान वाटला आणि सोयरीक मोडली. काही नातेवाईक अजूनही माझ्याशी तुटक बोलतात. बोलोत. तोच प्रसंग पुन्हा आला तर मी पुन्हा तेच मागेन, कारण पुढच्या पिढीच्या वेदनेपेक्षा चार माणसांचा रुसवा परवडतो. दोन्ही बाजू तपासा, एवढेच मी म्हणत होतो.

कागदांच्या मागे तू लागली आहेस, ते चांगलेच आहे. कोतवाल बुक (गावच्या जन्ममृत्यूंची जुनी नोंदवही), १९५४-५५ चा अधिकार अभिलेख (जमिनीच्या हक्कांची नोंद), शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, हे सगळे पाहा. तुझे आजोळ कुरखेड्याकडचे. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला, त्यामुळे त्याआधीच्या कागदांवर चांदा किंवा चंद्रपूर दिसेल, आणि १ नोव्हेंबर १९५६ पूर्वीच्या कागदांवर मध्यप्रदेश (१९५० च्या आधी मध्यप्रांत व वऱ्हाड). ते पाहून गोंधळू नकोस. मात्र या कागदांत नावे आणि वर्षे सापडतात, आजार फारसा सापडत नाही. हे मी ग्रामसेवक म्हणून सांगतो. मृत्यूची नोंद घेताना कारणाच्या रकान्यात घरचे सांगतील तेच लिहावे लागे, आणि घरचे बहुधा ‘म्हातारपण’ किंवा ‘ताप’ सांगत. बायकांच्या बाबतीत तर तेवढेही सांगायची कोणाला गरज वाटत नसे. माझी आजी कशाने गेली, हे सांगणारे माणूस आता आमच्या घरात उरलेले नाही.

आता आहार. वडिलांची साखर पाहता तिशीच्या सरकारी तपासणीची वाट पाहू नकोस; उपाशीपोटी साखर आत्ताच तपासून घे. ती १०० च्या आत असली तर उत्तम, १०० ते १२५ आली तर डॉक्टरांना दाखव आणि दर वर्षी तपासत राहा. आपल्याकडे दोन्ही वेळा ताटभर भात असतो. त्यातला एक वेळचा कमी करून ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण आणि अंबाडीसारखी पालेभाजी घे. याहून मोठे पथ्य तुला आज लागत नाही. तुझ्या भावाला मात्र स्पष्ट सांग की, खिशात खर्ऱ्याची पुडी ठेवून ‘आमच्या घराण्यातच आजार आहे’ असे म्हणणे शुद्ध ढोंग आहे. सुपारी-तंबाखूने तोंड उघडेनासे होते, पुढे कर्करोग होतो, आणि त्यात पणजोबांचा काही दोष नसतो.

आईची बाजू आजोळच्या थोरल्या आजीपासून सुरू कर, आणि लवकर जा. ‘कोणता आजार होता’ असे विचारशील तर ती ‘माहीत नाही’ म्हणेल. त्याऐवजी शेवटच्या वर्षांत पाय सुजत होते का, जखम भरायला फार दिवस लागत का, रात्री लघवीला वारंवार उठावे लागे का, लहानपणी गेलेल्या लेकरांचे डोळे पिवळे होते का, हातपाय दुखून ती रडत का, हे विचार आणि प्रत्येक नावापुढे लिही. पुरुषमंडळी ओसरीवर बसलेली असताना मात्र विचारू नकोस. तिच्याऐवजी पुरुषच उत्तरे देऊ लागतील.