स्नो प्लाऊच्या पुढं स्कीइंग कसं सुधारायचं?

तुमचा प्रश्न असा की उत्तराखंडातल्या औलीला सात दिवसांचा कोर्स झालाय, स्नो प्लाऊ (स्कीची पुढची टोकं जवळ अन् मागची फाकवून हळू उतरायचं) पक्का आहे, सपाटशा उतारावर दोन्ही स्की समांतर ठेवून वळताही येतं, पण उतार जरा खडा झाला की पाय आपोआप फाकतात आणि मांड्या पेटतात, तर आता गुलमर्गला जाऊन थेट मोठ्या उतारावरच भीती मोडावी का? नका मोडू. भीती हा प्रॉब्लेम नाहीये तुमचा. वजन चुकीच्या पायावर आणि मागं पडतंय हा प्रॉब्लेम आहे, आणि तो खड्या उतारावर सुटत नसतो, तिथं फक्त उघडा पडतो.

मी लातूरचा. ज्या गावाला २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथला माणूस बर्फावर घसरायला जातो म्हणून सोयरेधायरे अजून हसतात, हसू द्या. तुम्ही नांदेडचे म्हणजे सचखंड एक्सप्रेसनं थेट दिल्ली, प्रवासाचं आपल्यापेक्षा तुमचं बरंय.

आता मुद्द्याचं. मांड्या पेटतात म्हणजे तुम्ही खुर्चीत बसल्यासारखे मागं बसताय. वळताना एक क्षण असा येतो की स्कीची टोकं सरळ उताराकडं होतात, त्या सरळ खाली जाणाऱ्या रेषेला फॉल लाइन म्हणतात, अन् तिथं वेग वाढतो म्हणून अंग आपोआप मागं जातं. मागं गेलं की स्कीच्या पुढच्या भागावरचा दाब जातो, पुढचा भाग बर्फात धरत नाही, वळण लागत नाही, मग वेग अजून वाढतो आणि शेवटी पाय फाकवून ब्रेक मारावा लागतो. हे सगळं एका सेकंदात होतं म्हणून कळत नाही. तपासायचं कसं, तर नडगी बुटाच्या पुढच्या जिभेला टेकलेली आहे का बघा, पूर्ण वळणभर, फक्त सुरुवातीला नाही. टेकलेली नसेल तर मागं आहात, विषय संपला.

दुसरं म्हणजे बाहेरची स्की. उतारावर आडवे जाताना वजन खालच्या पायावर असतं ते तुम्हाला कोर्समध्ये शिकवलंच असेल, पण वळण घेतलं की वरची स्की बाहेरची होते आणि खालची आतली होते, म्हणजे वजन एका पायावरून दुसऱ्यावर जायला पाहिजे, अन् ते फॉल लाइन यायच्या आधी जायला पाहिजे. बहुतेक जण ते वळण संपल्यावर टाकतात, म्हणून अर्धं वळण दोन्ही पायांवर लोंबकळत जातं. आपल्याकडं सगळे बाइकवाले, घाटात वळण आलं की अख्खं अंग आत झोकायची सवय, स्कीवर नेमकी तीच नडते. इथं गुडघे अन् कंबर आत जातात पण खांदे बाहेरच्या पायावर राहतात. छाती उताराच्या खालच्या बाजूला बघत राहते अन् पाय तिच्याखाली वळतात.

हे डोक्यात येऊन उपयोग नाही, पायात यायला पाहिजे, आणि त्यासाठी सोपा उतार लागतो, तुम्हाला कंटाळा येईल इतका सोपा. गुलमर्गला मला एका इन्स्ट्रक्टरनं अख्खी सकाळ एकच गोष्ट करायला लावली होती, वळताना आतल्या स्कीची शेपटी बर्फापासून बोटभर उचलायची, टोक टेकलेलंच ठेवायचं आणि वळण पूर्ण होईपर्यंत खाली आणायची नाही. काठ्याही काढून घेतल्या होत्या. ‘अंदर वाला पैर हल्का, हाथ आगे’ एवढंच ओरडत होता. वजन खरंच बाहेरच्या पायावर असेल तरच आतला उचलता येतो, नाहीतर लगेच खाली पडतो, म्हणजे ह्यात स्वतःला फसवता येत नाही राव. एवढं एक जरी केलं तरी पाय फाकायचे हळूहळू कमी होतात.

त्याच्या जोडीला साइड स्लिप. उताराला आडवं उभं राहायचं, स्की थोड्या सपाट केल्या की खाली घसरता, गुडघे डोंगराकडं केले की स्कीची एज, म्हणजे कड, बर्फात धरते अन् थांबता. दिसायला फालतू वाटतं पण खड्या उतारावर जीव वाचवतं हेच. ज्याला साइड स्लिप नीट येते तो कुठल्याही उतारावरून किमान खाली तरी येऊ शकतो, म्हणून मग ती भीती आपोआप जाते.

वेगाबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही. वेग ब्रेकनं नाही, वळणाच्या आकारानं कमी करायचा. वळण अर्धवट सोडून लगेच दुसरं घेतलं की झिगझॅग होतं अन् वेग साठत जातो. स्की पूर्ण आडव्या होऊन टोकं जराशी वर चढेपर्यंत वळण ओढा, वेग आपोआप उतरतो, मग निवांत पुढचं. उतरून झाल्यावर मागं वळून स्वतःच्या खुणा बघायच्या. वळणाच्या शेवटी एकदम रुंद फरकाटा दिसला तर तुम्ही टाचा ढकलताय. सुरुवातीपासून सारख्या रुंदीचा पट्टा असेल तर चांगलं चाललंय. पेन्सिलीनं ओढल्यागत दोन बारीक रेषा आल्या की ते कार्व्हिंग, म्हणजे आडवं न घसरता नुसत्या कडेवर वळणं, पण त्याची घाई नका करू, गुलमर्गला बराच बर्फ मशीननं सपाट केलेला नसतो, तिथं घसरतं गोल वळणच जास्त कामाला येतं.

बुटाचं मात्र आधी बघा, कधी कधी सगळा दोष तिथंच असतो. भाड्याचा बूट द्यायचा म्हटलं की दुकानदार एक साइज मोठाच हातात ठेवतो कारण तो लगेच पायात जातो अन् गिऱ्हाईक खुश. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढं टेकली पाहिजेत आणि गुडघा वाकवला की जरा मागं सरली पाहिजेत, टाच अजिबात उचलली नाही पाहिजे. थंडी वाजते म्हणून दोन-दोन मोजे घालू नका, एकच पातळ मोजा. बूट ढिला असेल तर तुम्ही गुडघा वळवता अन् स्की वळतच नाही. बाइंडिंगचा, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या अन् पडल्यावर सोडणाऱ्या पकडीचा, आकडा पण अंदाजपंचे लावू देऊ नका, वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुम्ही कसे स्की करता, हे सगळं सांगून लावून घ्या. जास्त घट्ट असेल तर पडल्यावर स्की सुटत नाही अन् गुडघा जातो.

राहिले बाकीचे महिने, जेव्हा आपल्याकडं बर्फ फक्त रसवंतीवर. जिमची स्क्वॉट ठीकच आहे पण स्कीइंगमध्ये मांडी आखडत नाही तर ताणाखाली हळूहळू लांबते, म्हणजे उतरतानाचं काम. म्हणून दौलताबादचा किल्ला चढायला नाही, उतरायला जा, हळू, धक्का न देता, पाऊल आवाज न करता ठेवत. दुसऱ्या दिवशी जी मांडी भरते तीच ही. इनलाइन स्केट्स मिळाले तर फारच छान, एका ओळीत चाकं असलेले, ते कडेवर झुकवून वळतात त्यामुळं बाहेरच्या पायावर दाब द्यायची सवय लागते. पुढं दोन, मागं दोन अशी चार चाकं असलेल्यांचा तेवढा फायदा नाही. हेल्मेट, गुडघ्याचे पॅड घालाच, डांबर बर्फासारखं माफ करत नाही.

गुलमर्गला जायचंच असेल तर जा, पण कोर्सला जा. तिथल्या सरकारी स्कीइंग अँड माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूटमध्ये किंवा मनालीच्या अटल बिहारी वाजपेयी इन्स्टिट्यूटमध्ये बेसिकच्या पुढचे कोर्स असतात, त्यात रोज कुणीतरी मागून बघून चूक सांगतं. गुलमर्ग २,६५० मीटरच्या आसपास, आपण जन्मभर सातशे मीटरच्या खालीच राहिलेलो, पहिल्या दिवशी जोर लावू नका, पाणी पीत राहा. गोंडोलाच्या, म्हणजे तिथल्या केबल कारच्या, दुसऱ्या टप्प्यावरून अफरवट डोंगरावर, चार हजार मीटरच्या जवळ, सगळे फोटो काढतात म्हणून स्की घेऊन चढू नका. तिथून खाली तयार केलेला रस्ता नाही, मोकळा डोंगर आहे. १ फेब्रुवारी २०२३ ला तिथंच हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीअर गेले, पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत गुलमर्गलाच एक रशियन गेला. ते सगळे आपल्यासारखे नवशिके थोडीच होते. ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याचा सिग्नल पकडणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी), फावडं, ते वापरता येणारा सोबती आणि त्या दिवशीचं हिमस्खलनाचं बुलेटिन, एवढं नसेल तर खालच्याच उतारांवर खेळा, शिकायला तिथं भरपूर आहे.

तुमचा एखादा व्हिडिओ असेल तर खाली टाका, पण समोरून काढलेला नको, बाजूनं पाहिजे, नडगी अन् बूट दिसेल असा. बघून सांगतो.